बुडालेल्या जहाजांचे केळशीकर काका

केळशीकर काकांच्या घरात कप फुटला तर तुकडे उचलायचे नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं. मी नुकतीच त्यांना डबा द्यायला लागले होते. डबा ठेवताना कोपर लागून ओट्यावरचा कप खाली पडला. मी केरसुणी घेतली, तोच काका बाहेरच्या खोलीतून ओरडले, "थांबा! हात लावू नका. अवशेष आहेत ते."

"काका, काच आहे. पायात जाईल कुणाच्या."

"आधी चौकशी."

"अहो, माझ्याच हातून पडला. मी कबूल करते ना."

"कबुली चौकशी अधिकाऱ्यापुढे द्यायची असते बाई. मला कुठे कुणी नेमलंय?"

मग समोरच्या फ्लॅटमधले ग्रेवाल सरदारजी बनियनवरच बोलावले गेले. काकांनी त्यांना रीतसर नेमलं. सरदारजींनी जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "कप टूटा है जी। चाय दूसरे में पिला दो।" हा निकाल लागल्यावर मला केरसुणी मारता आली. घरी माझ्या चुलीवर... म्हणजे गॅसवर कुकर तसाच होता. माझा इतका संताप झाला, पण मी तोंडातून शब्द काढला नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही.

काका मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलेलं नाही. आम्ही खाली, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. आमचे हे सोसायटीचा पंप चालवतात, सगळे ह्यांना माने म्हणून हाक मारतात. पुण्याच्या एका साहेबांबरोबर आम्ही दिल्लीला आलो, साहेब परत गेले, आम्ही राहिलो. सोसायटीत मराठी बोलणारे आम्ही आणि काका एवढेच, म्हणून त्यांचा डबा माझ्याकडे आला.

सरकारच्या जहाजांच्या खात्यात काकांची सगळी नोकरी गेली, तीही दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहून. दिल्लीत समुद्र कुठला? पण बुडालेल्या जहाजांशिवाय त्यांना दुसरा विषय नाही. आणि जहाज का बुडालं, माणसं किती गेली, ते नाही सांगायचे. त्याची चौकशी कोण करणार, आणि त्याला कुणी नेमलं, हे सांगायचे. इंग्रजांच्या वेळी म्हणे जहाज खडकावर आपटलं की त्या प्रांताचा लाटसाहेब हुकूम काढून एका मॅजिस्ट्रेटला नेमायचा. हुकूम नसेल तर कप्तानाला त्याचं नावसुद्धा विचारायचा कुणाला अधिकार नाही. मॅजिस्ट्रेटला समुद्रातलं कळत नाही, म्हणून शेजारी समुद्र जाणणारी माणसं बसवायची. आणि कप्तानाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याचा परवाना काढून घ्यायचा नाही.

"इंग्रज लबाड," काका म्हणायचे, "पण नेमल्याशिवाय बोलायचा नाही."

मला राग यायचा. देश त्यांनी घेतला तेव्हा त्यांना कुणी नेमलं होतं? पण हे मी मनात विचारायचे.

"नेमणूक कुणाची?" हा काकांचा प्रश्न सगळ्यांना. पार्कमध्ये योग शिकवणाऱ्या बाईंना, मेट्रोत पिशवी तपासणाऱ्या शिपायाला, सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट हातात घेणाऱ्याला. एका वर्षी तर आरतीच थांबली आणि कापूर विझला.

आणि एकदा तर हद्दच झाली. मी आणि काका भाजी घेऊन येत होतो. नोएडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मुलगी स्कूटीवरून पडली होती. दोन पोलीस भांडत होते, एक दिल्लीचा, एक यूपीचा. हा म्हणे तुझी हद्द, तो म्हणे तुझी. काका खुश! पिशवी खाली ठेवून दोघांच्या मध्ये उभे. "बिल्कुल सही प्रश्न है! पहले यह तय करो कि जहाज किसके किनारे लगा है।" दोन्ही पोलीस त्यांच्याकडे बघायला लागले. मुलीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे तिघांतल्या एकाचंही लक्ष नाही. मीच तिची ओढणी मागून घेऊन तिचा पाय बांधला आणि तिला रिक्षात बसवलं. रस्ताभर मी काकांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

मटार सोलताना एकदा ते आपणहून म्हणाले, "नेमणुकीचे हुकूम मीच लिहायचो बाई. अमुक यांना नेमण्यात येत आहे, तमुक यांना नेमण्यात येत आहे. बोट उलटो, लाँच बुडो, नावं मी घालायचो. ते लोक मुंबईला जायचे, कोचीला जायचे, चौकशीला बसायचे. माझं नाव कधी कुणी घातलं नाही." एवढं बोलून त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि मटार किडका आहे म्हणून माझ्यावरच चिडले.

मग गेल्या उन्हाळ्यात सोसायटीचा पंप जळला.

ऐन मे महिना. नळाला थेंब नाही, लोक बादल्या घेऊन टँकरपुढे उभे. सेक्रेटरी मेहरासाहेब सगळ्यांदेखत ह्यांना म्हणाले, "सो गया होगा। महीने के आखिर तक कमरा खाली कर दो।" झालं. टाकीतलं पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं बटण बिघडलंय, हे ह्यांनी कमिटीला किती वेळा सांगितलं होतं. "देखते हैं" म्हणायचे आणि जायचे. आता पंप कोरडा चालून जळला, तर झोपले म्हणे! मुलगी दहावीला. खोली गेली असती तर जायचं कुठे? आणि हे असे, मान खाली घालून उभे. मला त्यांचाही राग आला.

डबा देताना माझे डोळे भरले. काकांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"चौकशी झाली?"

"कसली चौकशी? मेहरासाहेब बोलले, संपलं."

"मेहराची नेमणूक कुणाची?" काका ताडकन उभे राहिले. म्हातारा एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. माझं घर मोडायला निघालंय आणि काकांच्या डोळ्यांत ही चमक! डबा तिथेच आपटावा असं वाटलं.

पण त्यांनी मेहरासाहेबांना जगू दिलं नाही. ऑफिसात, लिफ्टमध्ये, पार्कात गाठायचे. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ लाटसाहेब आणि मॅजिस्ट्रेट. लोक हसायचे. शेवटी मेहरासाहेबांनी हात जोडले, "चलो यार, आप ही कर लो जाँच! पूरी कमिटी की तरफ से नियुक्त किया आपको। खुश?"

काका जिना चढून घरी गेले. संध्याकाळी बघते तर त्यांचा कोट बाल्कनीत वाळत घातलेला.

रविवारी हॉलमध्ये चौकशी. त्या उकाड्यात काका कोट घालून आले. टेबलामागे त्यांची खुर्ची. आम्ही दोघं समोर. हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "काका आहेत, आता काळजी नको." मलाही पहिल्यांदाच बरं वाटलं होतं.

काका खुर्चीपर्यंत गेले. पाठीवर हात ठेवला. बसले नाहीत.

"मैं नहीं बैठ सकता," ते म्हणाले. "ये लोग मेरे घर के हैं। घर का आदमी जाँच में नहीं बैठता। किसी और को नियुक्त कीजिए।"

एवढ्या खटपटीनंतर हे काय खूळ?

मेहरासाहेब मोठ्याने हसले. "घर के? केळशीकरजी, आप कहाँ, ये कहाँ! टिफिन ही तो देती है। क्या लगते हैं ये आपके?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते कोटाचं बटण चाचपत खाली बघत राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मेहरासाहेब माझ्याकडे वळले. "बोलो भाभी। कोई रिश्ता नहीं है ना? कह दो, तो ये बैठें और काम खत्म हो।"

हे डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हण. नाही म्हटलं की काका बसणार आणि आम्ही सुटणार, हे मला कळत होतं. पण ते मागचं हसणं डोक्यात गेलं. टिफिनच तर देते! आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिलेला माणूस हातात आलेली खुर्ची आमच्यासाठी सोडतोय आणि लोकांना हसू येतंय.

मी उभी राहिले.

"मायके के हैं हमारे," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

मग सी ब्लॉकच्या अय्यर मॅडमना नेमलं. त्या पाण्याच्या कामातल्याच निवृत्त इंजिनियर. त्या सगळ्यांना घेऊन पंपाच्या खोलीत गेल्या, ते बटण उघडून बघितलं आणि विचारलं, "इसकी शिकायत किसने सुनी थी?" तेव्हा ग्रेवाल सरदारजी म्हणाले, "मेरे सामने बोला था जी माने ने। दो बार। मेहराजी भी खड़े थे।" ह्यांची नोकरी राहिली, खोली राहिली. माफी कुणी मागितली नाही. मेहरासाहेब "चलो, हो गया" म्हणून निघून गेले. अजून समोर आले की माझं डोकं तापतं.

परत येताना हे पंप बघायला थांबले. मी आणि काका जिन्यापाशी आलो. काका नेहमीसारखे चिडलेले. "चौकशीत खोटं बोलायचं नसतं. मॅजिस्ट्रेटपुढे असतीस तर आत टाकलं असतं."

मी म्हणाले, "मी कुठे खोटं बोलले?"

ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. कठडा धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहेर कुठलं गं तुझं?"

"करमाळ्याच्या बाजूला."

"बाजूला म्हणजे? गावाचं नाव सांग. वडिलांचं नाव सांग. उद्या कुणी विचारलं तर मला सांगता यायला हवं."

मी गावाचं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आईचं सांगितलं, घरामागे विहीर आहे तेही सांगितलं. काका एकेक नाव तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणत, पाठ करत, सावकाश जिना चढत गेले.