आठल्ये सरांचा नवसागर

पावसाळ्याचे चार महिने आठल्ये सरांच्या घरी चहा मिळत नसे. मागितला तरी मिळत नसे. चहा म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे त्यांच्या काचेच्या बरणीतल्या खड्याचं मरण. त्यांचा कुकरसुद्धा मागच्या गॅलरीत लागायचा. पाहुण्यांची बोळवण खाकऱ्यावर.

मी यवतमाळहून हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलो आणि कर्वेनगरात त्यांच्या समोरचा फ्लॅट भाड्यानं घेतला. पहिल्याच दिवशी, टीव्ही खोक्यातून पुरता बाहेरही आला नव्हता, तोच दार वाजलं. दारात इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक किडकिडीत गृहस्थ उभे. ना नमस्कार, ना चौकशी.

"पुडी निघाली का?"

"कसली पुडी?"

"खोक्यात ओल शोषणारी पांढरी पुडी असते. आपण ती टाकून देणार. त्यापेक्षा मला द्या."

त्या दिवसांत घरोघर खोकी येत होती. कोणाकडे कॉम्प्युटर, कोणाकडे मायक्रोवेव्ह, अगदीच काही नाही तर भारीतले बूट. आणि प्रत्येक खोक्यामागोमाग सर. सोसायटीतले लोक वैतागत, पण पुडी देत. दिली नाही तर ते दारातून हलत नसत.

सर कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एकटेच राहत. माणसांकडेही ते खनिजं बघावीत तसे बघत. "काठिन्य किती?" हा नव्या माणसाबद्दलचा त्यांचा पहिला प्रश्न. दहापैकी आमच्या चेअरमनना त्यांनी नऊ दिले होते. "हिऱ्याहून एकानं कमी. चमक मात्र नाही." मला दोन. "तुम्हाला नखानं ओरखडा उठतो. बघा, लगेच वाईट वाटलं."

खड्याचं काठिन्यही दोनच. बोराएवढा, पिवळसर पांढरा, अंगाला पिसासारख्या बारीक फांद्या फुटलेला. तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी म्हणालो, "सर, हा तर नवसागर. कल्हईवाला वापरतो तो."

"त्याचा कारखान्यात होतो. हा ज्वालामुखीच्या तोंडाशी झाला. तिथं जमिनीच्या भेगांमधून तापलेली वाफ निघते आणि बाहेर निवली की तिचा थेट खडा होतो. मध्ये द्रव व्हायची भानगड नाही. तापवला की पुन्हा वाफ. आणि एका पावसात नाहीसा होतो, म्हणून दुर्मीळ."

"मग पुण्याची हवा कशी मानवणार याला?"

"पुण्याची हवा कोणालाच मानवत नाही. लोक उगीच कौतुक करतात."

कुठून आणला, असं विचारल्यावर "एका विद्यार्थिनीनं दिला" एवढंच म्हणाले आणि बरणी कपाटात ठेवून दिली.

जुलैत त्यांच्या सांगलीच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. महिनाभर जाणं भाग होतं. बरणी माझ्या स्वाधीन झाली. सूचना एकच, दर रविवारी पुड्या बदलायच्या. मी इमानेइतबारे बदलल्या. ऑफिसात नवे मॉनिटर आले होते, त्यांच्या खोक्यांमधून पिशवीभर पुड्या गोळा करून आणल्या आणि सर खूश होतील म्हणून एका वेळी दहा-दहा कोंबल्या. ती रिकामी खोकी पत्र्याच्या शेडमध्ये पावसाच्या झडीत कधीची उघडी पडली होती, पुड्या आधीच पाणी पिऊन बसल्या होत्या, हे माझ्या इंजिनिअरच्या डोक्यात आलं नाही. चौथ्या रविवारी बघतो तर बरणीच्या तळाशी मळकट, ओलसर गोळा. फांद्या पार विरघळल्या होत्या.

मी घाबरलो. रविवार पेठेत जाऊन बोहरी आळीतून नवसागर आणला, त्यातला बरा खडा निवडून बरणीत ठेवला आणि सर येईपर्यंत देवाचं नाव घेत राहिलो.

सर आले. भिंग काढलं. एकदाच बघितलं.

"बोहरी आळी?"

"हो."

"गुणधर्म तेच आहेत," ते समजुतीनं म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुड्या आधी तव्यावर कोरड्या करून घ्यायच्या, हे मीच सांगायचं विसरलो. जन्मभर शिकवलं, आणि नेमकं तेच राहिलं."

मग समोर आपल्या घरातल्या कपाटातून एक फाईल आणून त्यांनी माझ्या हातात दिली. आत सात पत्रं होती, दरवर्षी गणपतीच्या आधी आलेलं एकेक. लिहिणारी वंदना गजभिये. चंद्रपूरकडची, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी, सरांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. शिष्यवृत्तीवर इटलीला गेली, ज्वालामुखीवर चढली आणि येताना सरांसाठी हा खडा मेणानं बंद केलेल्या बाटलीत घेऊन आली. पुढे भूशास्त्रात नोकरी मिळेना. कॉम्प्युटरचा कोर्स करून ती अमेरिकेला गेली. प्रत्येक पत्रात जेमतेम दोन ओळी. मी बरी आहे. सर, खडा कसा आहे?

"मी दरवर्षी कळवतो, उत्तम आहे. तेवढंच आमचं बोलणं," सर म्हणाले. "या वेळी तिनं ईमेलचा पत्ता दिलाय. तुमच्याकडून जाईल ना?"

मी कॉम्प्युटर लावला. सर मागे उभे राहून सांगू लागले.

"प्रिय वंदना, खडा विरघळला. चूक माझी."

"चूक माझी आहे, सर."

"आपण टाईप करा." ते पुढे सांगू लागले. "दरवर्षी तू खड्याची चौकशी करतेस. आता चौकशीला काही उरलं नाही. तरी लिहीत जा."

माझी बोटं थांबली. सरांनी घसा खाकरला. "शेवटचं वाक्य काढायचं का?"

"नको, सर."

मी ईमेल पाठवून दिलं.

"पोचलं?"

"पोचलं."

"मग उत्तर येईपर्यंत बसतो मी इथंच."

रविवारचे सकाळचे साडेअकरा झाले होते. तिकडे अमेरिकेत वंदनाकडे तेव्हा रात्रीचे दोन. हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्यासाठी खुर्ची जवळ ओढली आणि दर पाच मिनिटांनी इनबॉक्स उघडून त्यांना दाखवत राहिलो.