सबटायटलवर जाऊ नकोस

"हेल्गा गेली," असं लिमयेकाका फोनवर म्हणाले आणि मी फुलं घेऊन त्यांच्या घरी गेलो.

नुसता गेलो असतो तरी निभावलं असतं. पण हातात पांढरी फुलं, त्यात 'सॉरी फॉर युअर लॉस' छापलेलं कार्ड आणि चेहरा प्रसंगाला शोभेल असा. दार काकांच्या सुनेनं, पल्लवीनं उघडलं. तिनं फुलांकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, कोण गेलं? मी हलक्या आवाजात म्हणालो, "हेल्गा."

आतून काकांचा आवाज आला. "अरे, तशी नाही गेली. नवऱ्याला सोडून गेली. बेकरीवाल्याबरोबर."

हेल्गा ही दुपारी टीव्हीवर लागणाऱ्या जर्मन मालिकेतली बाई होती. फुलं पल्लवीनं फुलदाणीत ठेवली. कार्ड काकांनी जपून ठेवलं आणि पुढं घरी येईल त्याला दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पॉइंट कुकमधली मराठी मंडळी मला त्यानंतर बरेच दिवस 'हेल्गाच्या माहेरचे' म्हणत होती.

त्या दिवशी मी मनाशी एक नियम केला. काकांच्या तोंडून कुठलंही जर्मन नाव आलं, की ती व्यक्ती टीव्हीतली समजायची. आयुष्यात मी फार थोडे नियम पाळले. हा नेमका पाळला.

दिगंबर लिमये, वय चौऱ्याहत्तर, आमच्या रस्त्यावर चार घरं पलीकडे मुलाकडे राहतात. मुलगा अमेय हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. काकी चार वर्षांपूर्वी पुण्यात गेल्या (खऱ्या अर्थानं) आणि अमेय काकांना इकडे घेऊन आला. त्याआधी चौतीस वर्षं काकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांची मॅन्युअलं भाषांतरित केली. जर्मनीला ते कधीही गेले नाहीत. यंत्र आणायला इंजिनियर जात. काका मॅन्युअल आणायला स्टोअरपर्यंत जात.

त्यामुळे काकांचं जर्मन मोठं विलक्षण आहे. व्हॉल्व्ह, पिस्टन, दोन आट्यांमधलं अंतर, सगळ्याला शब्द तयार. 'रुसवा'ला नाही. 'माहेर'ला नाही. 'मला तुझी आठवण येते' हे कुठल्याच यंत्राच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. एका सिनेमात म्हातारा प्रोफेसर एका विधवेला म्हणतो, मी आयुष्यभर 'डिश्टुंग'साठी जगलो. काका खूश झाले. डिश्टुंग म्हणजे गॅस्केट. चौतीस वर्षांत हजारदा लिहिलेला शब्द. आपल्याच लाइनीतला माणूस प्रेमात पडलाय म्हणून त्यांनी तो सिनेमा जिवाचा कान करून बघितला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कविता, हे त्यांना पुढं कुणीतरी सांगितलं. कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. मी बरंच काही विचारलं नाही.

पण काकांची खरी ख्याती त्या टीव्हीमुळे. पासष्ट इंची टीव्हीच्या तळाला त्यांनी खोकी चिकटवायची तपकिरी टेप लावली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंद. इंग्रजी सबटायटल दिसू नये म्हणून. त्या टेपखाली क्रिकेटचा स्कोअरही जाई. अमेय ड्यूटीवरून येऊन मॅच लावायचा आणि फोनवर स्कोअर बघायचा.

"सबटायटलवर जाऊ नकोस," काका मला म्हणायचे. "ते खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही."

त्यांची तक्रार एकाच शब्दावर होती. जर्मनमध्ये परक्याला 'झी' म्हणतात आणि जवळच्याला 'डू'. म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. "आता बघ," काका सांगायचे. "ही बाई त्या डॉक्टरला तासभर अहो-जाहो करतेय. आत्ता, खिडकीपाशी, पहिल्यांदा तू म्हणाली. सगळा सिनेमा त्या एका शब्दासाठी काढलाय. आणि खाली काय येतं? 'यू'. आधीही 'यू', नंतरही 'यू'. मराठी माणसाला जे कानानं कळतं ते इंग्रजीला लिहूनही कळत नाही."

त्यावर माझी बायको मेधा म्हणाली होती, काका, आमच्या सिनेमात मग काहीच घडत नाही. हे खरंय. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. ती मला पहिल्या दिवसापासून तू म्हणते. 'अहो' हा शब्द तिनं माझ्यासाठी कधी वापरलाच नाही.

संसारातल्या अडचणींवर काकांचं निदान मॅन्युअलच्या भाषेत येई. हेल्गाबद्दल ते म्हणाले, "सहा महिने आवाज येत होता. नवऱ्यानं ऑइलिंग केलं नाही. आता बेअरिंग गेल्यावर रडतोय." आमच्या मुलीनं इंजिनियरिंग सोडून नर्सिंग घेतलं तेव्हा घरात चार दिवस अबोला होता. काका येऊन बसले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "पार्ट बरोबर आहे. तू चुकीच्या मशीनला बसवत होतास." मुलगी म्हणाली, "थँक यू, काका आजोबा." माझ्याशी ती त्यानंतर दोन दिवसांनी बोलली.

दर शनिवारी सकाळी मी काकांना शेजारच्या वेरिबी गावातल्या लायब्ररीत सोडायचो. अमेयची वीकेंडला ड्यूटी असे आणि मला तिकडे इंडियन ग्रोसरी करायची असे. काका जुन्या डीव्हीडी परत करत, नव्या घेत. मी दोन तासांनी त्यांना घ्यायला जायचो. गाडीत ते मला आठवड्याच्या कथा सांगत आणि मी पार्किंगचा विचार करत हुंकार भरत असे.

मेधानं एकदा विचारलं, डीव्हीडी बदलायला काका इस्त्रीचा शर्ट कशाला घालतात? मी म्हणालो, जुनी माणसं अशीच. डीव्हीडी बदलायला दोन तास कशाला लागतात, हे तर तिनंही विचारलं नाही, कारण मी तिला ते सांगितलंच नव्हतं.

तर अशाच एका शनिवारी परत येताना काका म्हणाले, "एक बाई आहे. एर्ना."

मी हुंकार दिला. एर्ना. नियमाप्रमाणे टीव्हीतली.

"नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आणि एक गृहस्थ आहे. त्याची बायको जाऊन चार. बरेच महिने एकमेकांना झी म्हणताहेत. व्यवस्थित चाललंय. आता बाईनं विचारलं, आपण डू म्हणू या का?"

"मग?"

"मग त्यानं वेळ मागितला. म्हणाला, पुढच्या शनिवारी सांगतो." काका खिडकीतून बाहेर बघत होते. "तुला काय वाटतं? त्यानं काय करावं?"

समोर राउंडअबाउट होतं, म्हणजे आपलं सर्कल. एक ट्रक मला घुसू देत नव्हता. पण विनोद सुचला की मला थांबवत नाही. मी म्हणालो, "काका, त्या म्हाताऱ्याला म्हणावं, या वयात डू नाही, डोन्ट. घरात मुलगा-सून असतील, चारचौघांत शोभतं का? गपचूप टीव्ही बघ."

काका थोडं हसले. "बरोबर आहे," म्हणाले. "चोख सबटायटल."

मला ती दाद वाटली.

पुढच्या शनिवारी फोन केला तर म्हणाले, नको, डीव्हीडी अजून बघून झाल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी गुडघा दुखत होता. मग गणपती आले. आमच्याकडे कम्युनिटी हॉलमध्ये एक संध्याकाळ कार्यक्रम असतो आणि दरवर्षी मी त्यात दहा मिनिटं हसवतो, म्हणजे तसा माझा समज आहे. या वर्षीचा विषय तयारच होता. टेप, हेल्गा, माझी फुलं आणि शेवटी, बाई म्हणते डू, आणि म्हातारा म्हणतो डोन्ट. हशानं हॉल दणाणला. अमेय तर डोळे पुसत होता. काका दुसऱ्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर थोडा वेळ त्यांच्या चालूच होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी काकांनी मला एक कापडी पिशवी दिली, पुण्याच्या सराफाचं नाव छापलेली. आत तीन डीव्हीडी. "परत करून ये," म्हणाले. "नवीन आणू नकोस."

लायब्ररीत खिडकीपाशी एका गोल टेबलावर चार-पाच म्हातारी माणसं बसली होती. मध्ये एक पुठ्ठा उभा केलेला, त्यावर हातानं लिहिलेलं, 'डॉइच', म्हणजे जर्मन. एक खुर्ची रिकामी होती. मी डीव्हीडी खाचेतून आत टाकत होतो तेवढ्यात एक उंच बाई उठून माझ्याकडे आल्या. पांढरे आखूड केस, मोहरीच्या रंगाचं स्वेटर. त्यांनी माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं.

ही हेर लिमयेंची पिशवी ना, त्यांनी इंग्रजीत विचारलं (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत). ते आजारी आहेत का?

मी म्हणालो, नाही, बरे आहेत. आपण कोण?

"एर्ना."

खोटं कशाला बोलू, मला आधी वाटलं की मालिकेचं शूटिंग वेरिबीत चालतं. मग सहा वर्षं आणि चार वर्षं आठवली. इस्त्रीचा शर्ट आठवला. राउंडअबाउटवरचा ट्रक आठवला. आणि मग दुसरी रांग आठवली, तेव्हा मी लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा राहिलो.

एर्नाबाई माझी अवस्था बघून समजुतीच्या सुरात बोलायला लागल्या. आपण फार घाई केली असावी, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्यात हे बाईनंच विचारायचं असतं, म्हणून विचारलं. "त्यांना सांगा, जन्मभर झी म्हणाले तरी चालेल," त्या म्हणाल्या. "खुर्ची ठेवलेली आहे. नो वरीज." पन्नास वर्षं ऑस्ट्रेलियात काढलेल्या जर्मन बाईचं 'नो वरीज' होतं ते. त्यात पुष्कळ वरी होती. मग टेबलावरून फॉइलमध्ये गुंडाळलेला प्लमचा केक आणून त्यांनी तो पिशवीत ठेवला.

मी थेट काकांकडे गेलो. टीव्ही बंद होता. तळाची टेप काढलेली होती. डिंकाचा एक मळकट पट्टा तेवढा राहिला होता.

"अमेयला स्कोअर दिसत नव्हता," काका म्हणाले.

मी केक टेबलावर ठेवला. निरोप सांगितला. आणि मग जे बोलायचं ते जमेना म्हणून उलट त्यांच्यावरच घेतलं. म्हणालो, काका, तुमचं आहे असं सांगायचं होतं ना. मला वाटलं टीव्हीतलं.

"माझं आहे म्हटलं असतं, तर उत्तर बदललं असतं का?"

 खरं उत्तर असं होतं की उत्तर तेच राहिलं असतं, फक्त मी ते त्यांच्या पाठीमागं दिलं असतं.

काकांनी फॉइल उघडली. केकचा तुकडा मोडला. तो हातातच धरला.

"तुझी काकी एक्केचाळीस वर्षं अहो म्हणाली," ते म्हणाले. "मी एकदा म्हटलं होतं, तू म्हण. म्हणाली, इश्श, लोक काय म्हणतील. आई गेली. दादा गेला. बरोबरीचे मित्र एकेक गेले. अमेय बाबा म्हणतो, तुम्ही सगळे काका म्हणता. कुणी वाईट वागत नाही रे. पण मला तू म्हणणारं आता कुणी राहिलं नाही, सुहास. त्या बाईनं विचारलं ना, तेव्हा मला आईनं हाक मारल्यासारखं झालं."

मग त्यांनी तो तुकडा खाल्ला, सावकाश, टेस्टिंगला आलेला नमुना तपासावा तसा.

"आतून ओला राहिलाय," म्हणाले. "दहा मिनिटं कमी पडली. तिला सांगायला हवं."

मला एवढा आनंद झाला की मी लगेच उठलो. म्हणालो, शनिवारी दहाला येतो, मी सोडतो तुम्हाला, थांबतोही तिथं.

"नको," काका म्हणाले. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "बस जाते. मी बघून ठेवलीय."

घरी आलो तेव्हा मेधा पोळ्या करत होती. मी ओट्याशी उभं राहून तिला सगळं सांगितलं. राउंडअबाउटपासून बसपर्यंत, स्वतःची बाजू न घेता. म्हणजे एकदोनदा घेऊन बघितली, पण ती लाटणं थांबवून बघायची, म्हणून सोडून दिली.

"काका त्या दिवशी टाळ्या वाजवत होते ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हो.

तिनं गॅस बंद केला. शेवटची पोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं, हात पुसले. आणि माझ्याकडे न बघता, लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली,

"अहो, पान वाढलंय. बसा."