प्रोसेसरला विचारणारे दाजी

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे यजमान, पाहुण्याच्या हाती चहा देण्याआधी विचारतात, "गोड झेपतं का?" कॉम्प्युटरलाही ते असंच विचारत.

उत्रोलीतली भातशेती सांभाळून दाजींनी विंडोजऐवजी जो लिनक्स धरला होता, त्यातला प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून आपल्या मशीनवरच तयार करावा लागे. प्रोसेसरला काय काय जमतं, याची यादी एका फायलीत द्यायची. ती दाजी प्रोसेसरकडूनच वाचून घेत, वहीत उतरवत, मग फायलीत. "म्या न्हाई ठरवत. त्यो सांगतो."

मी पुण्याच्या हापिसातला शहाणा. त्या शनिवारी दाजी खाचरात गेले असताना मी यादीत आमच्या हापिसातल्या नव्या मशीनला जमणाऱ्या कामाचा एक शब्द घुसडला. म्हटलं, दाजींचं म्हातारं मशीन जरा पळेल. दाजींनी आल्यावर व्हिडिओ-फोनचा प्रोग्राम तयार करायला घातला.

रविवारी बाराला तो चालवला आणि जागीच मेला. पडद्यावर फक्त 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'.

"आता पोलीस येत्यात का काय?" आक्का घाबरली.

तीनला जर्मनीहून नमूचा, त्यांच्या लेकीचा, फोन यायचा होता. दुसऱ्या दिवशी तिचं बाळंतपणाचं ऑपरेशन. त्याआधी तिला आईचं तोंड बघायचं होतं.

शब्द मीच घुसडल्याचं कबूल केलं. दाजींनी वही आणि फाईल ताडून पाहिली.

"पावणं, त्याला येत न्हाई ते काम सांगितल्यावर मरंल न्हाई तर काय करंल?"

शब्द काढला. पुन्हा तयार व्हायला अडीच तास, आणि मधे लाईट गेली की पहिल्यापासून. आम्ही तिघं बल्बकडे बघत बसलो. फ्यूज उडेल म्हणून आक्कानं मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावर वाटली. मी तर शिंकसुद्धा दाबली.

तीनला दहा कमी असताना झालं. तीनला नमू दिसली. सुजलेली, हसणारी.

"आई, जेवलीस का गं? बाबा कुठायत?"

"मशीन तापलंय, वारा घालत्यात."

दाजी कॉम्प्युटरच्या मागं जाऊन, त्याच्या डब्याचं झाकण काढून, पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मी हळूच म्हटलं, "दाजी, समोर जा की. मी घालतो वारा."

"नगं. म्या दिसलो की रडती ती. उद्या आपरेशन हाय."

आक्काच्या पाठीमागच्या कपाटाच्या काचेत पडदा दिसत होता, त्यात काडेपेटीएवढी नमू. दाजी तिकडंच बघत होते. पुठ्ठा डब्यावरून कधीच सरकला होता. वारा भिंतीला लागत होता.