हिरव्या व्हॅनच्या चाळीस फेऱ्या

पट्टा खांद्यावरून न घेता पाठीमागे टाकायचा, एवढाच काय तो डार्सी वेबरचा निर्णय. चार महिन्यांचा ओटिस अंगावर पीत होता, छाती सदा ठणकायची, आणि गाडीचा पट्टा मेला नेमका तिथंच करकचून बसायचा. कमरेचा भाग लावलेला असतोच की, अशी तिनं मनाची समजूत घातली. (ओटिसच्या खुर्चीचे पट्टे मात्र ती तीन-तीनदा ओढून बघायची आणि अंगणाबाहेर पडल्यावर चौथ्यांदा. आईची सगळी अक्कल मागच्या सीटवर बसलेली असते.)

ओटिस पाळण्यात झोपत नसे. तो झोपायचा फक्त चालत्या गाडीत. म्हणून रोज दुपारी एक ते तीन डार्सी आपली हिरवी व्हॅन काढून नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावाला प्रदक्षिणा घालायची. धान्याच्या कोठारापासून निघायचं, चर्चला वळसा, पाण्याच्या टाकीखालून मेन स्ट्रीटचा चौक, की पुन्हा कोठार. तीन मिनिटांची फेरी. दोन्ही अंगांनी मका डोक्यावर गेलेला, ऊन काचेवरून मधासारखं ओघळतंय, इंजिन एकसुरात गुणगुणतंय. चार-पाच फेऱ्यांनंतर तिला वाटू लागायचं की गाडी जागच्या जागी उभी आहे आणि गावच तिच्याभोवती हलके हलके फिरतंय. टाकी येते, चर्च येतं, लाजून निघून जातं.

सकाळी मात्र ती गावच्या पोलीस ठाण्यात कारकून होती. ठाणं म्हणजे चीफ लंडग्रेन, दोन शिपाई आणि खोकणारं कॉफीचं यंत्र. सीट बेल्टची मोहीम काढायला, म्हणजे गस्त घालून गाड्या अडवायला, राज्याकडून अनुदान मिळायचं, पण लोक पट्टा लावत नाहीत अशाच गावांना.

"अनुदान आलं तर तुझं टेबल राहील," चीफ म्हणाले. "नाही तर सप्टेंबरपासून फोन मीच उचलणार. आणि फोनवर मी कसा असतो, ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे."

त्या टेबलावर डार्सीचं घर निम्मं तोललेलं होतं. शिवाय दिवसभरात तिच्याशी पूर्ण वाक्यात कुणी बोलायचं ते त्याच टेबलाशी.

अर्जाला पाहणी जोडायची होती. चौकात दोन तास बसून, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकानं पट्टा लावलाय की नाही, त्याची खूण करायची. हे काम डार्सीनं ब्लॅझेकबाईंना दिलं. बाई चौथीत तिच्या गणिताच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण चूक दिसली की अजून भुवई चढायची. नियमांचा कागद डार्सीनं स्वतः छापून दिला, तारीख-वेळही तिनंच ठरवली, आणि मग ती विसरली. (चार महिने सलग न झोपलेल्या बाईला तारीख विचारू नये.)

त्या दुपारी चौकात मेपलच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर ब्लॅझेकबाई दिसल्या. हिरवी व्हॅन समोरून गेली तशी त्यांनी पेन्सिल उचलली. किती गोड बाई, डार्सीला वाटलं, आणि तिनं हात हलवला. पुढच्या फेरीला पुन्हा पेन्सिल, पुन्हा हात. चौथीत बाई आपल्याशी इतक्या मायेनं कधी वागल्या नव्हत्या, या विचारानं तिचे डोळेसुद्धा पाणावले.

पाहणीचा आकडा आला: पट्टा लावणारे शंभरात पंचावन्न. अर्जात डार्सीनं जीव ओतला. 'आमच्या गावकऱ्यांना आपल्या जिवाची पर्वा उरलेली नाही' हे वाक्य तर तिनं ठळक अक्षरांत टाकलं. महिन्याभरात मंजुरी आली. चीफ रुबार्बची पाई, आंबटगोड सारणाची भाजलेली पोळीच ती, घेऊन आले.

"राज्यात सगळ्यांत बेफिकीर गाव आपलं!" ते भरल्या तोंडानं म्हणाले. "शेजारच्या गावाचा चीफ जळून खाक झालाय."

राज्याला आता फक्त पाहणीचे मूळ कागद हवे होते. डार्सीनं पाकीट उघडलं. बाईंचं सुवाच्य अक्षर. एक वाजून दोन मिनिटं: हिरवी व्हॅन, महिला चालक, खांद्याचा पट्टा पाठीमागे. एक पाच: हिरवी व्हॅन. एक आठ: हिरवी व्हॅन. शंभर गाड्यांत चाळीस हिरव्या व्हॅन. गावात हिरवी व्हॅन एकच होती, आणि तिच्या मागच्या सीटवर एक माणूस गाढ झोपलेला होता.

ती तडक बाईंच्या परसात गेली. बाई टोमॅटोंना पाणी घालत होत्या.

"बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत?"

"न ओळखायला काय झालं? चौथीतल्यासारखं अजून तोंड उघडं ठेवतेस, गाडी वळवतानासुद्धा."

"मग चाळीस वेळा कसं मोजलंत?"

"गाडी येईल तितक्यांदा मोजायची. नियम चार."

"एकदा थांबवून सांगायचं तरी!"

"चालकाशी बोलायचं नाही. नियम सहा." बाईंनी झारी खाली ठेवली. "तो तूच दोनदा अधोरेखित केला होतास, बाळ."

गाडीतून घरी जाईस्तोवर डार्सीनं हिशेब केला. आपल्याला वगळलं तर साठातले पंचावन्न पट्टा लावतात. गाव शहाणं होतं. बेफिकीर होती ती अर्ज लिहिणारी. कागद तसेच धाडले तर कुणी वाचणारही नव्हतं. पण मग चीफ चौकात गाड्या अडवणार, शहाण्यासुरत्या माणसांना बाजूला घेणार, आणि आपण टेबलाशी बसून त्याच्या नोंदी करणार. आरशात ओटिस झोपेत हसला. तिनं गाडी बाजूला घेतली, पट्टा खांद्यावरून पुढे ओढला. दुखलं. लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं चीफना सगळं सांगितलं.

"म्हणजे आपलं गाव... चांगलं आहे?" त्यांचा आवाज पडला होता.

"हो, चीफ. साठात पंचावन्न."

"मी सगळ्यांना पाई वाटली गं." त्यांनी उसासा टाकला. "सुधारून पाठव. काय व्हायचं ते होईल."

पाठवताना तिनं टेबलावरून हात फिरवून घेतला.

आठवड्यानं राज्याच्या कचेरीतून फोन आला. गस्तीचा पैसा रद्द. पण अर्जदारानं स्वतःलाच पकडून दिल्याचा प्रसंग त्यांच्याकडे पहिलाच. चांगल्या गावांनी चांगलं राहावं म्हणून एक छोटं अनुदान असतं, ते घ्या. एक टेबल त्यात बसेल. अट एकच, पाहणी पुन्हा करायची.

डार्सी त्या रात्री इतकी झोपली की ओटिसलाच तिला उठवावं लागलं.

पाहणीच्या दिवशी या खेपेला ती तारीख विसरली नव्हती. बाईंच्या कागदावर नवा नियम होता, गाडी एकदाच मोजायची. पट्टा छातीवरून तिरपा, ताठ. मका पिवळा पडू लागला होता, टाकी तरंगत येत होती, चर्च लाजून जात होतं. चौकात पेन्सिल उचलली गेली. बाई, बघा! डार्सीनं अभिमानानं हात हलवला. पुढच्या फेरीलाही. त्याच्याही पुढच्या.

तीन वाजता कागद चीफच्या हाती आले. डार्सी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

"हिरवी व्हॅन, पट्टा: व्यवस्थित," चीफनी वाचलं. तिचा ऊर भरून आला. "शेरा: चालक दर फेरीला स्टिअरिंगवरचा हात सोडून हवेत हलवते. नजर रस्त्यावर नाही. एकूण चाळीस वेळा."

त्यांनी हळूच ड्रॉवर उघडला आणि एक कोरा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

"बेसावध चालकांसाठीसुद्धा राज्याचं अनुदान आहे म्हणे," ते म्हणाले. "फक्त या वेळी गावाचं नाव घालू नकोस. सरळ तुझंच घाल."