एका बैठकीत तीन वाचनं

आमच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा नामदेव भावजींनी आधी सभा भरवली. पाणी जिन्यावरून धो धो चाललंय आणि हे पायरीवर उभे. "प्रस्ताव मांडला. हे पहिलं वाचन. दुसऱ्यात कलमवार चर्चा, तिसऱ्यात मंजुरी." पॉवरलूमची ड्युटी करून आलेले खालचे सलीमभाई पायजमा वर धरून ओरडले, "चाचा, पानी रूल नहीं पढ़ता!"

भावजी आमचे शेजारी. उमर लूमवर गेली आणि रिटायर झाल्यावर टीव्हीवर सभागृहाचं कामकाज बघायचा नाद लागला. माझ्या सुनेनं लाडू नेले तर तेही कलमवार. "कलम एक, वेलची. हरकत न्हाय. कलम दोन, तूप. दुरुस्ती सुचवतो." घाई त्यांना खपायची नाही. "घाईतला कायदा म्हंजे कच्च्या सुताचं कापड, वयनी. पहिल्याच धुण्यात विरतं."

आणि हाच माणूस यंदा टीव्हीकडे बघून ओरडायला लागला, "नियम बाजूला ठेवा! तिन्ही वाचनं आजच घ्या!"

विधेयक होतं सरकारी पैसा लोकांच्या खात्यात जातो त्या यंत्रणेच्या सुरक्षेचं, मधल्या मधे कुणी पळवू नये म्हणून. समितीकडे गेलं तर लांबणार, नियम शिथिल केले तर एका दिवसात मंजूर, हे भावजींनीच मला समजावलं.

घाई शेवंतीसाठी होती. शेवंती त्यांची बायको, माझी मैत्रीण. पूर्णा गावातली तिच्या बापाची जमीन सरकारी रस्त्यात गेली. सरकारी मोबदला तिच्या खात्यात आला, आणि पाठोपाठ एकाचा फोन, "मावशी, ऑफिसातून बोलतोय." हिनं मोबाइलवर आलेला नंबर सांगितला, वर त्याला "जेवलास का रं बाला?" असंही विचारलं. सगळा मोबदला गेला.

त्या दिवसापासून तिनं फोनला हात लावला नाही. सुरतेला दिलेल्या लेकीशीही बोलेना. "मीच येडी. बापाची जमीन एका फोनवर घालवली." मग दुखणं आलं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. लेकीचं बाळंतपण तोंडावर, तिला येता येईना. ती रोज फोन करायची, ही भिंतीकडे वळायची.

भावजींचं म्हणणं एवढंच, "कायदा झाला म्हंजे सरकारनंच मानलं, कुलूप तुटकं व्हतं. मंग तरी ही सोताला येडी म्हननार न्हाय."

त्या दुपारी मी तिथंच होते. सभागृहात गोंधळ, घोषणा, आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब. विधेयक चर्चेला आलंच नाही. भावजींनी टीव्ही बंद केला. मग टोपी घातली, आतल्या खोलीत गेले आणि खाटेशी वाकून म्हणाले, "शेवंते, झाला कायदा. तिन्ही वाचनं एका बैठकीत. एकानंबी हरकत घेतली न्हाय."

"माज्यासारखी लय फसली आसतील?"

"मोठी मोठी फसली. म्हनून तर घाई केली."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "पोरीला लाव गो फोन."

मी फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे पोर रडायलाच लागली. ही आपली, "पाय सुजलेत का गो? मीठ कमी कर." भावजी गॅलरीत निघून गेले.

शेवंती त्याच आठवड्यात गेली. विधेयक समितीकडे गेलं.

लेक पुढे बाळ घेऊन आली, तेव्हा मला म्हणाली, "काकी, इतके दिवस आई बोलत नव्हती, मग एकदम कशी बोलायला लागली?"

मी भावजींकडे बघितलं. ते बाळाचं टोपडं सारखं करत होते.

"तिचं तिलाच वाटलं," म्हणाले.