किकायोनचं उद्यापन

गुलाबरावाला पाळक व्हायचं होतं आणि वाटेत एक झाड आडवं आलं होतं. त्याला झाड म्हणावं की वेल, यावरच तर सगळं घोडं अडलं होतं.

योना संदेष्ट्याच्या ग्रंथात एक वचन आहे. संदेष्टा नगराबाहेर रुसून उन्हात बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्यावर सावली यावी म्हणून देव एक रोप उगववतो. मूळ इब्री भाषेत त्या रोपाला ‘किकायोन’ म्हटलं आहे. आता हे किकायोन म्हणजे काय? वाशीमचे पादरी बेंटनसाहेब म्हणत, एरंड. मालेगावात मुलींची शाळा चालवणाऱ्या मिस पार्लो म्हणत, दुधी भोपळा. दोघांचंही इब्री पक्कं, दोघंही हट्टी आणि दोघंही बिनलग्नाची. या शब्दावरून एकदा भर सभेत त्यांचं वाजलं, आणि तेव्हापासून ती एकमेकांशी बोलेनाशी झाली. निरोप द्यायचा झाला तर मध्ये गुलाबरावाला उभं करत. साहेब त्याला सांगत, तो मिससाहेबांना सांगे, आणि मिससाहेब समोरच्याच खुर्चीवर बसलेल्या असत.

गुलाबरावाची परीक्षा हीच दोघं घेणार होती, आणि दोघांनीही होकार दिल्याशिवाय पास करायचं नाही असा नियम होता. पास झाला तर मेडशीचं लहानसं प्रार्थनामंदिर आणि त्याच्या मागचं कौलारू घर त्याचं. नापास झाला तर डोक्यावर बाजाची पेटी घेऊन, येशूची भजनं गात या बाजारातून त्या बाजारात हिंडणं होतंच. त्याची बायको सीताबाई त्या कौलांखाली मनातल्या मनात केव्हाच राहायला गेली होती. चूल कुठं मांडायची हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.

आणि परीक्षेला वचन कोणतं, तर तेच. एरंड म्हणावं तर मिससाहेब जातात, भोपळा म्हणावा तर साहेब जातात. गुलाबरावानं किराणा दुकानदार सैफुद्दीनचा सल्ला घेतला. तो म्हणाला, हजरत यूनुसचा किस्सा आमच्यातही आहे आणि त्यात भोपळ्याचाच वेल आहे. ही गोष्ट मिससाहेबांच्या कानी गेली आणि शाळेचा साबण त्याच्याकडून येऊ लागला. ती साहेबांच्या कानी गेली आणि बंगल्याची चहापत्ती त्याच्याकडून यायची बंद झाली. सैफुद्दीननं हात जोडले आणि धर्माच्या गोष्टी दुकानाबाहेर ठेवा म्हणून सांगितलं.

शेवटी गुलाबरावानं आपलं माळ्याचं डोकं चालवलं. मिरगाचा पाऊस पडला तसा त्यानं अंगणात एरंड लावला, आणि त्याच्या बुडाशी भोपळ्याचं बी टाकलं. दसऱ्यापर्यंत एरंड पुरुषभर उंच झाला आणि भोपळ्याचा वेल त्याच्यावर चढून शेजारच्या मांडवावर पसरला. परीक्षा याच सावलीत घ्यावी, आणि प्रश्न आला की वर बोट दाखवून सांगावं, की एरंड हा खांब आणि भोपळा हे छत. सावली दोघांची, म्हणून दोघंही बरोबर. सीताबाईला ही युक्ती पटली. तिला कौलासाठी काहीही पटलं असतं.

आता गुलाबराव आणि सीताबाई ख्रिस्ती झाले होते, पण त्याचे आईबाप झाले नव्हते. एकाच अंगणात दोन चुली होत्या, आणि भांडण फक्त मिठावरून होई. त्याची आई गोजराबाई पावसाळाभर बघत होती, की पोरगा रोज पहाटे न्हाऊन एरंडासमोर बसतो, पोथी उघडतो, काहीबाही पुटपुटतो, मग झाडाला पाणी घालतो. याचा अर्थ तिला पुरता कळला होता. हे पारायण होतं. आणि पारायणाचं उद्यापन केलं नाही तर फळ हाती लागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. नव्या देवाच्या नादात पोरगा ते विसरला असेल, पण आई कशी विसरेल? पोथीत ज्या वस्तूचं नाव, तिचा नैवेद्य, आणि एक मेहूण जेवू घालायचं. तिनं नवऱ्याला, चंपतला, कामाला लावलं आणि पोराला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, एवढी ती पोराला ओळखत होती.

परीक्षेच्या दिवशी साहेब वाशीमहून दमणीतून आले, मिससाहेब शाळेच्या छकड्यातून आल्या. गुलाबराव खुर्च्या आणायला शाळेकडे पळाला. तो दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन परतला, तेव्हा अंगणात रांगोळी होती, रांगोळीत शेजारी शेजारी दोन पाट होते, आणि पाटांवर बेंटनसाहेब आणि मिस पार्लो मांडी घालून बसले होते. समोर केळीच्या पानावर भोपळ्याची खीर होती. गोजराबाई एरंडीच्या तेलाची निरांजनं पेटवून दोघांना ओवाळत होती. चंपत नवं मुंडासं बांधून शेजारी उभा होता.

दोघांनाही शंका आली नसेल असं नाही. पण साहेबांना वाटलं, ही कल्पना मिससाहेबांची असावी. मिससाहेबांना वाटलं, साहेबांची. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायला गुलाबराव जागेवर नव्हता. उठून जावं तर समोरचा म्हणणार, इतक्या वर्षांत गावच्या रीती शिकता आल्या नाहीत. म्हणून दोघंही ताठ बसून राहिली.

गोजराबाईनं मिससाहेबांची खणानारळानं ओटी भरली आणि कपाळाला कुंकू लावलं. मग ती साहेबांकडे वळली.

“साहेब, आता बाईचं नाव घ्या.”

साहेबांना मराठी चांगलं येत होतं, पण त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं. नाव विचारलं तर नाव सांगावं, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी घसा साफ केला आणि अनेक वर्षांत तोंडातून न काढलेलं नाव काढलं.

“मिस पार्लो,” ते म्हणाले.

मिससाहेबांचे कान कुंकवाच्या रंगाचे झाले. गुलाबरावाच्या डोक्यावरची एक खुर्ची खाली पडली. त्यानं आईला चुलीमागे ओढलं.

“आई, काय करून राह्यली तू? हे काय नवरा-बायको हायेत?”

“नाहीत त मंग कोन हायेत?” गोजराबाईला पोराच्या अकलेची कीव आली. “एकमेकासंग बोलत नाहीत, एकमेकाकडे पायत नाहीत, निरोप तुह्या तोंडून धाडतात. तुहा बाप अन् मी असेच त हावो.”

मेडशीची कौलं गुलाबरावाच्या डोळ्यांदेखत एकेक करून उतरू लागली. आता साहेब संतापणार, मिससाहेब रडणार, आणि बाजाची पेटी जन्मभर डोक्यावर बसणार. त्याला खरंच रडू आलं.

तेवढ्यात वरच्या एरंडाच्या पानावरून एक जाड, करडी अळी सुटली आणि मिससाहेबांच्या खांद्यावर पडली. त्या ओरडल्या नाहीत, पण डोळे गच्च मिटून थिजून बसल्या. साहेबांनी हात पुढे केला, दोन बोटांनी अळी हळूच उचलली आणि तळहातावर घेतली. योनाच्या ग्रंथात पुढच्याच वचनात देव एक अळी पाठवतो आणि ती ते रोप मारते.

“तोलाअत,” साहेब स्वतःशीच म्हणाले.

“तोलाअत,” मिससाहेबांनी डोळे उघडले. “अर्थात अळी.”

“अळीच. याबद्दल कधी दुमत नव्हतं.”

“नव्हतं खरं,” मिससाहेब म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांना मान्य असलेला शब्द सापडला होता, आणि त्यांनी तो सोडला नाही. अळीनं मूळ खाल्लं की पान, एकच होती की पुष्कळ, यावर ती बोलत राहिली. खीर निवली, निरांजनं विझली. गोजराबाईनं दोनदा खीर वाढली तेव्हा त्यांनी न बघताच खाल्ली. परीक्षा नाताळानंतर घेऊ, असं साहेबांनी जाता जाता सांगितलं, आणि मिससाहेब ओटीतला नारळ सांभाळत त्यांच्या दमणीत चढल्या. शाळेचा छकडा रिकामाच परत गेला.

नाताळाच्या आधी अकोल्याला दोघांचं लग्न झालं. गोजराबाईनं सगळ्या मालेगावात सांगितलं, की हे आपल्या उद्यापनाचं फळ आहे. गुलाबरावालाही ते पटायला लागलं. घरात एकोपा म्हणजे परीक्षेतही एकोपा, असा त्यानं हिशोब मांडला. सीताबाईनं तर बोचकीसुद्धा बांधली.

परीक्षा वाशीमला साहेबांच्या बंगल्यावर झाली. साहेबांनी विचारलं, किकायोन म्हणजे काय? गुलाबरावानं छाती काढून एरंडाचा खांब सांगितला आणि त्यावर भोपळ्याचं छत चढवलं. नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही अगदी प्रेमानं हसली.

“गुलाबराव,” मडमसाहेब म्हणाल्या, “आम्ही दोघांनी मिळून पुन्हा अभ्यास केला. एका जुन्या भाषांतरात निराळाच वेल आहे. थंड मुलखात तो भिंतींवर चढतो.”

“तेव्हा एरंडही चूक आणि भोपळाही चूक,” साहेब म्हणाले. “या बाबतीत आमचं पूर्ण एकमत आहे. तू पुढच्या वर्षी ये.”

गुलाबराव पायीच परतला. मालेगाव येईपर्यंत एकच गोष्ट त्याच्या मनाला डाचत होती. ती दोघं भांडत होती तेव्हा निदान एक मत तरी हमखास त्याचं होतं. घरी आल्यावर त्यानं सगळी हकिगत सांगितली. सीताबाई बोचकी सोडायला बसली. गोजराबाईनं मात्र हार मानली नाही. चूक कुठं झाली ते तिच्या ध्यानात आलं.

“जाऊ दे बाबू,” ती म्हणाली. “पुढच्या खेपी त्यायले येगयेगळ्या पंगतीले बसवू.”