एकनिष्ठ व्हायचंय का?

‘या जगात खरे चाणाक्ष पुरुष दोन. दुसऱ्याचा शोध अजून चालू आहे,’ अशी ते स्वतःची ओळख करून देत. हौशी गुप्तहेर म्हणून स्वतःला ‘बहिरी ससाणा’ म्हणवून घेत. घरच्यांना त्यातलं ‘बहिरी’ तेवढं पटलं होतं, कारण ते कुणाचं ऐकतच नसत. त्यांचा बिनपगारी सहायक म्हणजे त्यांचा मेहुणा. बहिणीबरोबर आपणही आंदण गेलो, असं त्या बिचाऱ्याला वाटे.

या खेपेला फिर्याद खुद्द भाचीची होती. तिनं आपल्या आईसाठी एक ॲप बनवलं होतं. औषधाच्या पाकिटासमोर फोन धरला, की त्यावर लिहिलेली वेळ आणि मात्रा ते मोठ्यानं वाची. आईला बारीक अक्षर दिसत नसे. तिचा जुना फोन बादलीत पडला, नवा आणला, तर त्या फोनच्या ॲप-दुकानातून ॲपच गायब! दुसऱ्या कंपनीच्या दुकानात मात्र ते पहिल्या ओळीत झळकत होतं.

ससाण्यानं भाचीचा लॅपटॉप हुंगला. “बिस्किटाचा चुरा! चोर भुकेला होता.”

“तो चुरा माझा आहे, मामा.”

“मग प्रतिस्पर्ध्यानं पळवलं.”

“पळवलेलं ॲप तिकडे माझ्याच नावावर कसं?”

“तेच तर! चोर प्रामाणिक आहे.”

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या भाचीच्या नवऱ्याकडे ससाण्यानं एकदाच पाहिलं. “निर्दोष. या डोक्यात काही शिजूच शकत नाही.”

तेवढ्यात आईनं सरळ विचारलं, “जावईबापू, तुम्ही काही दाबलंत का हो?”

“हो.”

“अहो, मग बोलायचं नाही?”

“मला कुणी विचारलंच नाही. त्या दिवशी हिच्या लॅपटॉपवर आलं, ‘एकनिष्ठ व्हायचंय का?’ आणि ही नेमकी मागे फोनवर बोलत उभी! आता कुठला नवरा ‘नाही’ दाबेल?”

भाचीनं घाईघाईनं त्या दुसऱ्या दुकानाच्या अटी उघडल्या. एकनिष्ठ ॲपला पहिली ओळ आणि फुकट जाहिरात. बदल्यात दुसऱ्या कुठल्याही दुकानात दिसायचं नाही. निष्ठा सोडली, की रवानगी थेट तळाला.

“मग माझ्यासारख्यांनी करायचं काय?” आई म्हणाली.

“फोन बदलायचा,” ससाणा म्हणाला.

“त्या कंपनीला तेच तर हवंय!” भाची उसळली.

पण नोकरी सोडून ती याच पहिल्या ओळीची वाट पाहत होती. बोट अडलं. तिनं आईकडे पाहिलं आणि ‘निष्ठा रद्द’ दाबून टाकलं. संध्याकाळपर्यंत ॲप आईच्या फोनवर आलं. तिकडच्या दुकानात ते इतकं खाली गेलं, की ससाण्यालाही सापडेना.

आईनं पाकिटासमोर फोन धरला. “रात्री झोपताना, अर्धी गोळी,” फोन खणखणीत आवाजात म्हणाला.

“अगंबाई! मी तर सकाळी अख्खी घेतेय! तरीच दिवसभर पेंगते.”

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं आईला घट्ट धरलं. पहिली ओळ गेली तर गेली.

ससाण्याचं तोंड मात्र एवढंसं झालं. “म्हणजे ताई, माझे पराक्रम ऐकताना तुझे डोळे मिटायचे, ते तल्लीन होऊन नव्हे?”